पसंतीक्रम भरताना : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

दहावी आणि बारावीचे निकाल लागले की या सदराच्या टपालात दुसरा विषयच उरत नाही. या अंकासाठी सात पत्रे निवडली आहेत. काही पत्रे बरीच लांब होती, ती थोडक्यात दिली आहेत आणि लिहिणाऱ्यांची नावे मुद्दाम गाळली आहेत. उत्तरांमधले नियम २०२५-२६ च्या प्रवेशप्रक्रियेत होते तसे सांगितले आहेत. माहितीपुस्तिका दरवर्षी नव्याने निघते आणि तिच्यातली एखादी तरी ओळ हमखास बदललेली असते, म्हणून अर्जाला हात घालण्यापूर्वी त्या वर्षीची पुस्तिका पालकांनी आणि विद्यार्थ्यांनी एकदा स्वतः वाचावी.

प्रश्न : माझ्या मुलीला दहावीत ९१ टक्के गुण मिळाले आहेत. अकरावी विज्ञानासाठी घरात सगळ्यांच्या तोंडी फर्ग्युसन आणि स. प. ही दोनच नावे आहेत. शेजारी म्हणतात की एवढ्या गुणांवर ती मिळणार नाहीत, तेव्हा यादीत पहिले नाव जवळच्या महाविद्यालयाचे टाका, नाहीतर हातचेही जाईल. शिवाय एका क्लासने ‘इंटिग्रेटेड’, म्हणजे क्लासशी जोडलेले, महाविद्यालय सुचवले आहे, तिथे रोज जावे लागत नाही. काय करावे? — एक आई, धायरी

शेजाऱ्यांच्या सल्ल्यामागे जो गैरसमज आहे तो इतका पसरलेला आहे की आधी त्याच्याविषयीच लिहिते. केंद्रीय प्रवेशप्रक्रियेत सर्व अर्जदारांची गुणवत्तेनुसार एक यादी लागते. त्या यादीत आपल्या मुलीची पाळी आली की संगणक तिची पहिली पसंती पाहतो. तिथे जागा असेल तर ती तिला देतो, नसेल तर दुसरी पाहतो, मग तिसरी. तिने चौथ्या क्रमांकावर लिहिलेले महाविद्यालय तिच्यापेक्षा कमी गुणांच्या मुलाने पहिल्या क्रमांकावर लिहिले असले, तरी वरची तीन न मिळाल्यास त्या चौथ्या ठिकाणी तिचाच नंबर आधी लागतो. वर अवघड नावे लिहिली म्हणून खालची निसटत नाहीत. पसंतीक्रम म्हणजे काय मिळेल याचा अंदाज नव्हे, काय हवे आहे याचा क्रम आहे.

खरा धोका नेमका उलट बाजूला आहे. पहिल्या पसंतीचे महाविद्यालय मिळाले तर तिथे प्रवेश घेणे बंधनकारक असते आणि तो न घेतल्यास पुढच्या नियमित फेऱ्यांमधून विद्यार्थी बाद होतो. मी काही वर्षे एका मार्गदर्शन केंद्रावर बसत असे. तिथे एका मुलाने ‘सुरक्षित राहावे’ म्हणून घराशेजारचे महाविद्यालय पहिले टाकले होते. ते त्याला पहिल्याच फेरीत मिळाले. दुसऱ्या फेरीत त्याच्या आवडीच्या महाविद्यालयाची गुणमर्यादा त्याच्या गुणांच्या खाली आली, आणि तोवर त्याचे नाव दुसरीकडे लागून गेलेले होते. त्याचे वडील मला विचारत होते की आता काही करता येईल का. करता येण्यासारखे काही नव्हते.

तेव्हा अर्जातल्या पसंतीच्या दहा जागांपैकी पहिल्या तीन-चार मनापासून हव्या असलेल्या महाविद्यालयांना द्याव्यात, पुढच्या तीन तिच्या गुणांच्या आसपास गेल्या वर्षीची यादी थांबली होती अशांना, आणि उरलेल्या बऱ्याच खाली थांबलेल्यांना, मात्र त्यांपैकी प्रत्येक ठिकाणी ती खरोखर जाईल याची खात्री करून. गेल्या वर्षीची गुणमर्यादा पाहताना आपल्या प्रवर्गाचाच रकाना पाहावा. एकाच महाविद्यालयाच्या अनुदानित आणि विनाअनुदानित तुकड्यांचे सांकेतांक वेगळे असतात आणि शुल्कात मोठा फरक असतो. घाईत चुकीचा सांकेतांक निवडणारे दरवर्षी भेटतात. मुलीच्या शाळेच्या संस्थेचे कनिष्ठ महाविद्यालय असेल, तर तिथे संस्थेअंतर्गत कोट्याच्या १० टक्के जागा असतात, तेही पाहून ठेवावे.

धायरीहून टिळक रस्त्यापर्यंतचा प्रवास आणि फर्ग्युसन रस्त्यापर्यंतचा प्रवास सकाळच्या वेळी सारखा नसतो. यादी पक्की करण्यापूर्वी मुलीला एकदा सकाळी साडेसहाला पीएमपीच्या बसने दोन्हीकडे जाऊन येऊ द्यावे, तेही सोमवारी. रविवारी सिंहगड रस्ता फसवतो.

आता ‘इंटिग्रेटेड’विषयी. मी रसायनशास्त्र शिकवत होते, त्यामुळे माझे मत एकांगी वाटण्याची शक्यता आहे, तरी सांगते. बारावीला भौतिक आणि रसायनशास्त्रात प्रत्येकी ३० गुण प्रात्यक्षिकाचे असतात. बाह्य परीक्षक म्हणून गेले असताना एका मुलाने टायट्रेशनमध्ये ब्युरेटची तोटी उघडली ती बंदच केली नाही. एका थेंबाने फिकट गुलाबी रंग आला की थांबायचे असते, हे त्याला पाठ होते. पण दोन वर्षांत त्याने ब्युरेट हातात धरली नव्हती, आणि फ्लास्कमधला द्रव रूहअफजासारखा लाल झाल्यावर तो माझ्याकडे पाहू लागला. तो मुलगा हुशार होता. ज्या ठिकाणी रोज जावे लागत नाही, त्या ठिकाणाला महाविद्यालय म्हणून पैसे का द्यावेत, एवढाच माझा प्रश्न आहे.

प्रश्न : मी चिंचवडला राहतो. सीईटीत ९५-९६ पर्सेंटाइल येतील असा अंदाज आहे. बाबा म्हणतात की कॉम्प्युटर मिळेल ते कॉलेज घे, काका म्हणतात की चांगले कॉलेज मिळेल ती ब्रँच घे. पर्यायांचा फॉर्म कसा भरायचा तेही नीट कळत नाही. — बारावी विज्ञानाचा विद्यार्थी

आधी अंदाजाविषयी. पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत. ९५ पर्सेंटाइल याचा अर्थ परीक्षा दिलेल्यांपैकी ९५ टक्के विद्यार्थी तुझ्या बरोबरीने किंवा तुझ्या खाली आहेत. या परीक्षेला गणिताचे ५० प्रश्न प्रत्येकी दोन गुणांचे असतात, भौतिक आणि रसायन मिळून तेवढेच गुण होतात आणि चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत, म्हणून रिकामा प्रश्न सोडून येण्यात काहीच शहाणपण नाही. बारावीच्या परीक्षेकडेही पाठ फिरवू नकोस. अभियांत्रिकीला भौतिक, रसायन आणि गणित मिळून खुल्या प्रवर्गाला ४५ टक्के आणि राखीव प्रवर्गाला ४० टक्के लागतात, आणि सीईटीत उत्तम गुण असूनही इथे अडलेली मुले मी पाहिली आहेत.

बाबा आणि काका दोघेही अर्धे बरोबर आहेत, आणि हा वाद तत्त्व म्हणून कधीच सुटणार नाही. तो दोन-दोन नावे समोर ठेवून सोडवावा लागतो. उदाहरणार्थ, शिवाजीनगरच्या सीओईपीचे मेकॅनिकल आणि एखाद्या नव्या महाविद्यालयाचे कॉम्प्युटर यांत तुला काय हवे? धनकवडीच्या पीआयसीटीचे ईएनटीसी (इलेक्ट्रॉनिक्स आणि टेलिकम्युनिकेशन) की दुसरीकडचे ‘एआय अँड डेटा सायन्स’? अशा जोड्या कागदावर मांड आणि प्रत्येक जोडीत एकावर बोट ठेव. तीस-चाळीस जोड्या झाल्या की तुझी यादी आपोआप तयार होईल आणि त्यात बाबांचे तत्त्व किती आणि काकांचे किती हे तुलाच दिसेल. बोट ठेवण्यापूर्वी दोन्ही शाखांच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षाचा अभ्यासक्रम विद्यापीठाच्या किंवा महाविद्यालयाच्या संकेतस्थळावरून उतरवून घे आणि शेजारी-शेजारी ठेवून वाच. पहिले वर्ष बरेचसे सारखेच असते. नावात ‘एआय’ असलेल्या काही शाखांचे विषय कॉम्प्युटरपेक्षा फारसे वेगळे नसतात, हे वाचल्यावर लक्षात येते. मग नावासाठी महाविद्यालय सोडायचे का, याचा निर्णय सोपा होतो.

नोकऱ्यांच्या जाहिरातीत ‘सर्वाधिक पॅकेज’ असते, ते एकाच मुलाचे असते. एनआयआरएफ या केंद्र सरकारच्या क्रमवारीसाठी महाविद्यालये जी माहिती सादर करतात, ती त्यांना आपल्या संकेतस्थळावर ठेवावी लागते. त्यात किती विद्यार्थी उत्तीर्ण झाले, किती जणांना नोकरी मिळाली, किती जण पुढे शिकायला गेले आणि नोकरी लागलेल्यांचा मध्यक पगार किती, हे वर्षवार दिलेले असते. पगार उतरत्या क्रमाने लावल्यावर अगदी मधल्या मुलाला किती मिळतो, तो हा आकडा. क्रमवारीपेक्षा मला ही चार पानांची पीडीएफ अधिक उपयोगी वाटते.

गुणमर्यादेच्या यादीत ‘जी-ओपन-एच’, ‘एल-ओपन-ओ’ अशी अक्षरे दिसतील, त्यांना घाबरू नकोस. पहिले अक्षर जी म्हणजे सर्वसाधारण, एल म्हणजे मुलींसाठीच्या जागा. शेवटचे एच म्हणजे त्याच विद्यापीठाच्या क्षेत्रातले, ओ म्हणजे बाहेरच्या विद्यापीठ क्षेत्रातले आणि एस म्हणजे राज्यस्तरावरच्या जागा. तुझी बारावी पुणे जिल्ह्यातून होत असल्यामुळे पुणे, अहिल्यानगर आणि नाशिक जिल्ह्यांतल्या महाविद्यालयांसाठी तू एच-मध्ये मोडतोस, मुंबईच्या महाविद्यालयांसाठी ओ-मध्ये. शेजारच्या मुलीचा आकडा पाहून आपला अंदाज बांधणारे बहुतेक जण चुकीची ओळ वाचत असतात.

फॉर्ममध्ये भरपूर पर्याय देता येतात. धायरीच्या पत्राला दिलेल्या उत्तरातला मूळ नियम इथेही तोच आहे : आवडीच्या उतरत्या क्रमाने लिही. अडकण्याचा नियम मात्र फेरीगणिक बदलतो. २०२५-२६ मध्ये पहिल्या फेरीत पहिली पसंती मिळाली तर तीच पक्की झाली, दुसऱ्या फेरीत पहिल्या तिनांपैकी काहीही मिळाले तरी ते पक्के, आणि तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांपैकी. त्यामुळे प्रत्येक फेरीपूर्वी यादीचे वरचे टोक पुन्हा वाचायचे आणि स्वतःला विचारायचे की यांपैकी कोणतेही मिळाले आणि पुढचे दार बंद झाले तर चालेल का. खालचे काही मिळाले, तर जागा स्वीकृतीचे शुल्क भरून ती हातात ठेवता येते आणि पुढच्या फेरीत वरच्यासाठी थांबता येते. वरची मिळाली की आधीची आपोआप सुटते, म्हणून हा निर्णयही विचार करूनच घ्यायचा.

यादीतल्या पहिल्या सहा महाविद्यालयांना जाऊन ये. प्रवेशद्वारावर फिरवून दाखवणाऱ्या प्रतिनिधीबरोबर नव्हे. बाहेरच्या चहाच्या टपरीवर दुसऱ्या वर्षाची मुले उभी असतात, त्यांना विचार : गेल्या आठवड्यात किती प्रात्यक्षिके प्रत्यक्ष झाली? ग्रंथालय किती वाजेपर्यंत उघडे असते? ‘एम-थ्री’, म्हणजे गणिताचा तिसरा पेपर, कोण शिकवते आणि ते सोडून क्लास लावावा लागतो का? तीन मुलांनी तीन वेगवेगळी उत्तरे दिली तरी काहीतरी कळतेच. चिंचवडहून शिवाजीनगरला लोकलने किंवा मेट्रोने जाता येते. धनकवडीला जायचे तर स्वारगेटला उतरून पुन्हा बस. चार वर्षे रोज तीन तास प्रवासात जाणार असतील, तर तो आकडाही जोड्या लावताना कागदावर असू दे.

प्रश्न : एका गृहस्थाने सांगितले की दोन लाख रुपये दिले तर नामांकित महाविद्यालयात जागा मिळवून देतो, पावती मिळणार नाही. विश्वास ठेवावा का? — एक पालक, हडपसर

ठेवू नये. पावतीशिवाय प्रवेशासाठी पैसे घेणे हा महाराष्ट्रात १९८७ च्या कॅपिटेशन फी प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. व्यवस्थापन कोट्याच्या जागा खऱ्या असतात, पण त्यांचा अर्ज थेट महाविद्यालयाकडे करायचा असतो आणि त्या जागांनाही गुणवत्तायादी लागते. केंद्रीय फेरीतली जागा तर त्या गृहस्थांना काय, प्राचार्यांनाही देता येत नाही. अनेकदा हे लोक मुलाला गुणांवर जे मिळणारच होते तेच मिळू देतात आणि त्याचे पैसे घेतात.

प्रश्न : मुलाचा सीईटीचा निकाल यायचा आहे. एका खासगी विद्यापीठाने स्वतःच्या परीक्षेवर त्याला निवडले आहे आणि दहा दिवसांत एक लाख रुपये भरायला सांगितले आहे. न भरल्यास जागा जाईल. केंद्रीय फेऱ्या तर ऑगस्टपर्यंत चालतात. भरावेत का? — एक वडील, वाकड

या कात्रीत दरवर्षी हजारो घरे सापडतात, कारण खासगी आणि अभिमत विद्यापीठे केंद्रीय प्रक्रियेच्या बाहेर आहेत आणि त्यांचे वेळापत्रक मुद्दाम आधी असते. त्यात बेकायदा काही नाही. आपण एक लाख रुपयांची विमापॉलिसी घेत आहात असे समजून निर्णय करावा : मुलाचा सीईटीचा अंदाज अगदीच अनिश्चित असेल आणि हे विद्यापीठ त्याला मनापासून पसंत असेल, तर भरण्यात अर्थ आहे, नुसती भीती म्हणून भरणार असाल, तर नाही.

शुल्कपरताव्याविषयी विद्यापीठ अनुदान आयोगाचे नियम आहेत. प्रवेशाच्या जाहीर केलेल्या शेवटच्या तारखेच्या पंधरा दिवस किंवा त्याहून आधी प्रवेश रद्द केला, तर किरकोळ प्रक्रियाशुल्क वजा करून सर्व रक्कम परत मिळायला हवी. जसजसा उशीर होतो तसतशी टक्केवारी घटते. २०२४-२५ साठी तर आयोगाने ३० सप्टेंबरपर्यंत पूर्ण परताव्याचे धोरण जाहीर केले होते. त्या-त्या वर्षीचे परिपत्रक आयोगाच्या संकेतस्थळावर मिळते. पैसे भरण्यापूर्वी विद्यापीठाला लेखी विचारावे : प्रवेशाची शेवटची तारीख कोणती, आणि परतावा किती दिवसांत? ईमेलने आलेले उत्तर जपून ठेवावे. फोनवर गोड बोलणारी व्यक्ती ऑगस्टमध्ये त्या कार्यालयात असेलच असे नाही. मूळ कागदपत्रे मात्र कोणाच्याही हवाली करू नयेत. ती पडताळून परत देण्याविषयीही आयोगाची सूचना आहे, आणि शाळा सोडल्याचा मूळ दाखला एकदा एका कपाटात गेला की तो काढण्यासाठी किती खेटे घालावे लागतात हे ज्यांनी घातले आहेत त्यांनाच माहीत.

आणखी एक हिशेब करावा. शासनाच्या शुल्कसवलती प्रामुख्याने केंद्रीय फेरीतून मिळालेल्या जागांना लागू असतात, खासगी आणि अभिमत विद्यापीठांना नाही. दोन्हीकडचे चार वर्षांचे एकूण शुल्क, वसतिगृह धरून, एका कागदावर लिहिल्याशिवाय तुलना करू नये.

प्रश्न : मला बारावी विज्ञानाला ८६ टक्के मिळाले आहेत, पण मला इतिहास शिकायचा आहे. बाबांचे म्हणणे असे की आधी इंजिनिअर हो, मग हवी तर स्पर्धा परीक्षा दे. आर्ट्सला गेले तर लोक काय म्हणतील, ही आईची काळजी. — विद्यार्थिनी, कोथरूड

बाबांच्या सूचनेतला दुसरा भाग आधी घेऊ. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेला कोणत्याही शाखेची पदवी चालते. तिथपर्यंत पोहोचण्यासाठी अभियांत्रिकीची चार वर्षे आणि तिचे शुल्क ही अट कोणीही घातलेली नाही. इतिहास तर त्या परीक्षेच्या अभ्यासक्रमातच आहे. अभियांत्रिकी आवडत असेल तर अवश्य करावी, पण न आवडणारे चार वर्षे करून मग आवडते करायचे, हा पुण्यातल्या मध्यमवर्गाचा फार जुना आणि फार महागडा छंद आहे.

बाबांची मूळ काळजी चरितार्थाची आहे आणि ती खोटी नाही. तिला उत्तर द्यायचे तर ‘मला आवडते’ एवढे पुरणार नाही. पदवीनंतर काय, हे तुला सांगता आले पाहिजे. संशोधन आणि अध्यापन, पुरातत्त्व, अभिलेखागारे आणि संग्रहालये, पत्रकारिता, प्रकाशन, कायदा, स्पर्धा परीक्षा, असे रस्ते आहेत आणि त्यांतले काही अरुंद आहेत, हेही त्यांना सांग. इतिहास शिकण्यासाठी या शहरासारखे शहर मात्र मिळणार नाही. १९१० मध्ये स्थापन झालेले भारत इतिहास संशोधक मंडळ सदाशिव पेठेत आहे. भांडारकर संस्था १९१७ मध्ये स्थापन झाली. डेक्कन कॉलेजमध्ये पदव्युत्तर पुरातत्त्व शिकवले जाते. पेशवे दफ्तरात मोडीतल्या कागदांचे रुमाल आहेत आणि ते वाचू शकणारी माणसे थोडी आहेत. पहिल्याच वर्षी मोडी शिकायला सुरुवात केलीस, तर तिसऱ्या वर्षी तुझ्या हातात असे काहीतरी असेल जे वर्गातल्या बहुतेकांकडे नसेल.

आता अर्जाचे. बारावी विज्ञानानंतर कला शाखेत प्रवेश घेता येतो. बी.ए.ला अभियांत्रिकीसारखी केंद्रीय फेरी नाही, फर्ग्युसन, स. प., मॉडर्न अशा प्रत्येक महाविद्यालयाचा अर्ज वेगळा, तारखा वेगळ्या आणि गुणवत्तायादीही वेगळी. निकालानंतर अर्जाची मुदत थोड्याच दिवसांची असते. सीईटीच्या फेऱ्यांची वाट पाहत ‘दोन्ही हातात ठेवू’ म्हणणाऱ्या मुली नेमक्या इथे चुकतात, कारण अभियांत्रिकीचे वेळापत्रक लागते तोवर कलेच्या याद्या लागून गेलेल्या असतात. आता पदवी चार वर्षांच्या रचनेत आहे : तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडता येते, चौथे वर्ष केल्यास ऑनर्स मिळते. अर्ज करताना इतिहास हा मुख्य विषय म्हणून शेवटपर्यंत उपलब्ध आहे का आणि त्याच्याबरोबर कोणता दुय्यम विषय घेता येतो, हे विभागात जाऊन विचार, कारण पत्रकात छापलेला प्रत्येक विषय पुरेसे विद्यार्थी न आल्यास चालवला जातोच असे नाही.

मैत्रिणींपैकी कोणी बीबीए किंवा बीसीएचा विचार करत असेल तर तिला सांग की २०२४-२५ पासून त्यांनाही राज्याची सीईटी आहे. बारावीचे गुण घेऊन जूनमध्ये चौकशीला जाणाऱ्यांना हे तिथेच कळते.

आईच्या काळजीला माझ्याकडे उत्तर नाही. लोक अभियांत्रिकीला गेल्यावरही म्हणतातच. मग ‘कॉम्प्युटर नाही का मिळाले?’ असे म्हणतात.

प्रश्न : आम्ही इतर मागास वर्गात येतो. मुलगी अकरावीत आहे. अभियांत्रिकीच्या प्रवेशासाठी कोणती कागदपत्रे आत्तापासून काढावीत? मुलींना शुल्क माफ आहे असे ऐकले, ते खरे आहे का? — एक पालक, भोसरी

आत्ता विचारलेत हे फार चांगले केलेत. जातीचा दाखला असेलच; सर्वाधिक वेळ जातपडताळणीला लागतो, म्हणून तिचा अर्ज अकरावीतच कनिष्ठ महाविद्यालयामार्फत करावा. वडिलांच्या बाजूच्या नातेवाइकांचे जुने शाळेचे दाखले शोधावे लागतात आणि ते गावाकडच्या शाळेत असतात. दिवाळीच्या सुटीत गावी गेलात की तेवढे काम करून यावे. नॉनक्रिमीलेअर प्रमाणपत्र प्रवेश घेतल्यानंतर येणाऱ्या ३१ मार्चपर्यंत वैध असले पाहिजे. जुने प्रमाणपत्र अपलोड करून राखीव जागेवरचा हक्क गमावलेली मुले दरवर्षी दिसतात. अधिवास आणि राष्ट्रीयत्वाचा दाखलाही काढून ठेवावा. सर्व कागदांवर मुलीचे, वडिलांचे आणि आडनावाचे स्पेलिंग एकच आहे ना, हे आजच तपासावे.

शुल्काविषयी ऐकलेले खरे आहे, पण अटींसह. ८ जुलै २०२४ च्या शासननिर्णयानुसार आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग आणि इतर मागास वर्ग यांतल्या, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी शिक्षणशुल्क आणि परीक्षाशुल्काची पूर्ण सवलत आहे. प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतून झालेला असावा लागतो. व्यवस्थापन कोट्याला ती मिळत नाही. वसतिगृह आणि इतर शुल्के भरावीच लागतात. महाडीबीटी या शासनाच्या संकेतस्थळावरचा अर्ज दरवर्षी नव्याने करायचा असतो आणि तो विसरला तर महाविद्यालय पूर्ण शुल्क मागते.

प्रश्न : मी अकरावीत आहे. बारावीनंतर पदवीसाठी अमेरिकेला अर्ज करायचा विचार आहे. सल्लागार म्हणतात की ‘प्रोफाइल’ तयार करावी लागेल, त्याचे ते तीन लाख घेतात. स्वतः अर्ज करता येतो का? — विद्यार्थी, बाणेर

येतो, आणि पुण्यातल्या कितीतरी मुलांनी केलेला आहे. तिथली अनेक महाविद्यालये ‘कॉमन ॲप’ या एकाच अर्जावर अर्ज स्वीकारतात. तो दरवर्षी १ ऑगस्टला उघडतो, त्यातून वीस महाविद्यालयांपर्यंत अर्ज करता येतो आणि त्यात ६५० शब्दांपर्यंतचा एक निबंध असतो. लवकरच्या फेरीची मुदत साधारण नोव्हेंबरच्या सुरुवातीला आणि नेहमीच्या फेरीची जानेवारीच्या सुरुवातीला संपते. याचा अर्थ तुझा बारावीचा निकाल लागण्याच्या कितीतरी आधी तुझा निर्णय झालेला असतो. तिकडे नववीपासूनचे गुण पाहतात, आणि आपल्याकडे ‘विश्रांतीचे वर्ष’ समजल्या जाणाऱ्या अकरावीचे गुण तर फार बारकाईने. हे वर्ष वाया घालवलेस तर तीन लाखांचा सल्लागारही काही करू शकणार नाही.

तुझ्या कनिष्ठ महाविद्यालयाकडून गुणपत्रके, एका जबाबदार व्यक्तीचा अहवाल आणि बहुधा दोन शिक्षकांची शिफारसपत्रे लागतात. आपल्या कनिष्ठ महाविद्यालयांत एका वर्गात ऐंशी-शंभर मुले असतात. तुला नावाने ओळखणारे दोन शिक्षक आत्तापासून हवेत, आणि ते शेवटच्या बाकावरून मिळत नाहीत. ‘सॅट’ ही तिथली प्रवेशपरीक्षा १६०० गुणांची असते. अनेक ठिकाणी ती ऐच्छिक झाली होती, पण एमआयटी, हार्वर्ड यांसारख्या काही विद्यापीठांनी ती पुन्हा सक्तीची केली आहे.

पैशांचा प्रश्न पहिल्याच आठवड्यात घरी विचार. हार्वर्ड, प्रिन्स्टन, एमआयटी, ॲमहर्स्ट अशी मोजकीच महाविद्यालये परदेशी विद्यार्थ्याची आर्थिक गरज न पाहता निवड करतात आणि नंतर गरजेइतकी मदत देतात, पण तिथे प्रवेश मिळणे अत्यंत कठीण आहे. इतर बहुसंख्य ठिकाणी मदत मागितल्याचा निवडीवर परिणाम होऊ शकतो. ‘अर्ली डिसिजन’ या लवकरच्या फेरीच्या प्रकारात निवड झाली तर प्रवेश घेणे बंधनकारक असते. मदत किती मिळेल हे कळण्याआधीच शब्द दिल्यासारखे होते, म्हणून घरची ऐपत नक्की नसेल तर त्या वाटेला जाऊ नकोस.

निबंधाविषयी एवढेच. मी पाहिलेल्या मसुद्यांपैकी निम्मे दोन दिवसांच्या अनाथाश्रमभेटीवर असतात आणि त्यांतले एकही वाक्य दुसऱ्या दिवशी आठवत नाही. एका मुलाने मात्र आजोबांच्या पिठाच्या गिरणीचा पट्टा सुटल्यावर तो पुन्हा चढवायला तो कसा शिकला, आणि तीन वेळा बोट कसे चेंगरले, यावर लिहिले होते. ते मी आजही सांगू शकते. ‘प्रोफाइल’ म्हणून सल्लागार जे काही विकत असतील, ते हे नव्हे. मसुदा सप्टेंबरपर्यंत तयार कर आणि तुला दोन शिफारसपत्रे देणार आहेत त्यांपैकी एका शिक्षकाला वाचायला दे.